लोणारच्या गोट्यात होतं तरी काय?

मागच्या मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढून गावी, म्हणजे धामणगाव बढेला गेलो होतो. मे महिना म्हणजे आमच्याकडे पापडांचा सीझन. ओट्यावर उडदाचं पीठ, मिरे, पापडखार, शेजारच्या दोन काकू, आणि मध्ये बसून सगळ्यांना ऑर्डरी सोडणारी आजी. माझा रोल लाट्या मोजणे आणि कच्च्या लाट्या तेलात बुडवून खाणे. (हा रोल मी इयत्ता पहिलीपासून निष्ठेने पार पाडतो आहे.)

तेवढ्यात चुलतभावाची पोरं लोणारहून आली. मोबाईलवरचे फोटो सगळ्यांना दाखवून झाले. उल्का पडली आणि एवढा मोठा खड्डा झाला, हे मोठ्या पोराने आजीला अगदी हातवारे करून समजावलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि लाटणं न थांबवता विचारलं, "बरं, येवढा मोठा गोटा वरून पडला, मंग त्या गोट्यात होतं काय? अन् त्या तळ्यातलं पानी त्याच्यातलंच आहे का?"

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी, म्हणजे घरातला इंजिनियर, पुण्यात नोकरी, जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे असतात असा घरच्यांचा गोड गैरसमज. मी म्हणालो, "बघून सांगतो." ऑफिसमध्ये क्लायंटला सांगतो तसंच! पण क्लायंट विसरतो, आजी विसरत नाही. त्यामुळे पुढचे चार-पाच वीकएंड ह्यातच गेले. हा लेख म्हणजे त्याचा हिशोब.

आधी लोणारबद्दल थोडं. धामणगाव बढे जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, घाटाखाली. लोणार आग्नेय टोकाला. शाळेच्या सहलीला एसटीने राजूर घाट चढून बुलढाणा, मग चिखली, मेहकर आणि मग लोणार. पोहोचेपर्यंत अर्ध्या पोरांच्या उलट्या करून झालेल्या. आणि मग एकदम समोर ते विवर. जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी हिरवट पाणी आणि काठावर कमळजा देवीचं देऊळ. सरांनी आधी लवणासुराची गोष्ट सांगितली. विष्णूने ह्या राक्षसाला त्याच्या जमिनीखालच्या बिळावरचं झाकण उडवून मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. मग लगेच पुढच्या वाक्यात उल्केची गोष्ट सांगितली. आम्हाला दोन्हींत काही विसंगती वाटली नाही. वरून काहीतरी जोरात झालं आणि खड्डा पडला, हे दोन्हीकडे कॉमनच होतं.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञांना हे कॉमन मान्य करायला दीडशे वर्षं लागली. युरोपियन लोकांपैकी जे. ई. अलेक्झांडर हा अधिकारी १८२३ मध्ये इथे येऊन गेला. त्यानंतर जे जे भूशास्त्रज्ञ आले त्यांनी ज्वालामुखी असंच निदान केलं. त्यांना हसण्यात अर्थ नाही. आपला अख्खा दख्खन ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला आहे. सगळीकडे काळा बेसॉल्ट. अशा ठिकाणी गोल खड्डा दिसला तर तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय म्हणणार? १८९६ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने ॲरिझोनातल्या एका तशाच खड्ड्याचा अभ्यास करताना लोणारशी तुलना केली. साम्य त्याने बरोब्बर ओळखलं, पण निष्कर्ष काढला की तो खड्डा वाफेच्या स्फोटाने झाला. आज तो ॲरिझोनातला खड्डा 'मीटिऑर क्रेटर' म्हणून ओळखला जातो! म्हणजे दोन प्रश्न सारखे आहेत हे त्याला कळलं, आणि मग दोन्हींचं उत्तर एकदमच चुकलं. कोड लिहिताना माझं हे आठवड्यातून एकदा तरी होतं.

१९६४ मध्ये लाफोंड आणि डिट्झ ह्या दोघांनी लोणार हे अशनीचं विवर असावं का, असा प्रश्न छापील स्वरूपात विचारला. १९७२ मध्ये व्ही. के. नायक ह्यांनी तिथल्या काचेसारख्या तुकड्यांवर लिहिलं. आणि १९७३ मध्ये फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम ह्यांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी विवरात बोअर घेतले होते. खालून निघालेल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. हा प्रकार भारी आहे. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळतसुद्धा नाही, नुसत्या धक्क्याने त्याची आतली रचना मोडून त्याची काच होते. एवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही, तो फक्त आदळण्यातून येतो. खटला संपला.

(जाता जाता: लोणार हे 'जगातलं तिसरं मोठं विवर' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते कृपया पुढे ढकलू नका. मध्य प्रदेशातलं ढाला विवरच अकरा किलोमीटर रुंद आहे. लोणारचं मोठेपण वेगळं आहे. बेसॉल्टमध्ये झालेलं आणि इतकं छान टिकलेलं दुसरं विवर पृथ्वीवर नाही. मंगळ आणि चंद्राचा अभ्यास करणारे त्यामुळेच इथे चकरा मारतात.)

आता आजीचा प्रश्न. गोटा होता हे कळलं. पण होतं काय त्यात?

अडचण अशी की गोटा शिल्लक नाही. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने आदळणारी वस्तू त्या क्षणी वितळते, तिची वाफ होते आणि ती सगळीकडे फवारली जाते. मग उरतं ते तिथल्याच वितळलेल्या बेसॉल्टमध्ये मिसळलेलं किंचितसं परकं मटेरियल. डाळीत चिमूटभर हिंग टाकावा तसं. ते ओळखायचं कसं? तर क्रोमियमवरून. क्रोमियमचे चार समस्थानिक असतात. त्यातल्या क्रोमियम-५४ चं इतरांशी प्रमाण पृथ्वीवर एक असतं आणि सूर्यमालेतल्या वेगवेगळ्या दगडांच्या घराण्यांत किंचित वेगळं. किंचित म्हणजे दहा हजारांत एखादा भाग. म्हणजे हे घराण्याचं आडनावच झालं, फक्त फार बारीक अक्षरात लिहिलेलं.

२०१९ मध्ये फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधल्या संशोधकांनी लोणारच्या दगडांतलं हे आडनाव वाचलं. उत्तर आलं: कार्बनयुक्त काँड्राइट, आणि त्यातही बहुधा सीएम नावाचा प्रकार. 'बहुधा' हा शब्द त्यांचा आहे, मी तो गाळणार नाही.

हे वाचून मी खुर्चीतून उठून चहा करून आलो. कारण सीएम म्हणजे साधासुधा गोटा नव्हे. ह्या प्रकारच्या अशनींच्या वजनाचा साधारण दहा टक्के भाग पाणी असतं. वाहतं नव्हे, चिकणमातीसारख्या खनिजांच्या पदरात बांधलेलं. आणि दोनेक टक्के कार्बन, त्यातला बराचसा सेंद्रिय. ह्या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध अशनी २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावात पडला. पुढच्याच वर्षी नासाच्या एम्स केंद्रातल्या गटाने, ज्यात श्रीलंकेत जन्मलेले सिरिल पोन्नाम्पेरुमा होते, त्यात अमिनो आम्लं सापडल्याचं जाहीर केलं. लोक म्हणाले, कुणाच्या तरी हाताचा घाम लागला असेल. पण सजीवांमध्ये अमिनो आम्लं जवळपास सगळी 'डावखुरी' असतात, आणि ह्यात डावी-उजवी जवळजवळ सारखी होती. शिवाय काही तर सजीवांच्या प्रथिनांत नसतातच अशी. म्हणजे ती वरूनच आली होती. आपल्याकडेही ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात शेतात पडलेला अशनी सीएमच निघाला. (नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला पडले ते मात्र साधे काँड्राइट. विदर्भाचा कोटा लोणारमध्येच संपला असावा.)

म्हणजे आजी, गोट्यात पाणी होतं. बहुधा. आणि सेंद्रिय पदार्थही.

पण तळ्यातलं पाणी ते नव्हे. विवराचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षं सांगत. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय पाच लाख सत्तर हजार वर्षं आलं. गोट्यातलं पाणी त्या पहिल्या क्षणातच वाफ होऊन उडालं. आज तळ्यात आहे ते पावसाचं आणि झऱ्यांचं. वर गोमुखाची धार गोडी आहे, तेच पाणी खाली जाऊन खारं होतं, कारण तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी येतं, उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. लाखो वर्षं हाच लूप, ब्रेक कंडिशन नाही. सेंद्रिय पदार्थ शोधावेत तर तळं शेवाळाने आणि जिवाणूंनी भरलेलं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेसुद्धा मीठ आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळेच, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं. एवढ्या गर्दीत पाहुण्याचा कार्बन कुठून ओळखणार?

मग पर्याय एकच. पाहुणा येण्याआधी त्याच्या घरी जाऊन बघायचं.

घरी जाण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे दुर्बीण. लघुग्रहावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश घ्यायचा, त्याचा वर्णपट काढायचा आणि कुठे खाच पडली आहे ते बघायचं. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध तीन मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश गिळतो. कार्बन-हायड्रोजनचा बंध ३.४ च्या आसपास. ऐकायला सोपं, पण आपल्या हवेत स्वतःचंच इतकं बाष्प आहे की नेमका हाच भाग ते खाऊन टाकतं. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं. म्हणून हवाईच्या मौना की डोंगरावर, चार हजार मीटरहून उंच जाऊन दुर्बिणी लावायच्या.

१९७८ मध्ये लॅरी लेबोफ्स्कीने सेरेस ह्या सगळ्यात मोठ्या लघुग्रहावर (आता त्याला बटुग्रह म्हणतात) ही तीन मायक्रॉनची खाच दाखवली. पुढे १९८१ मध्ये त्याने ३.१ ची बारीक खाच बघून तिथे बर्फाचा थर असावा असं सुचवलं. मग १९९२ मध्ये दुसऱ्यांनी सांगितलं, बर्फ नाही, ती अमोनियावाली चिकणमाती आहे. वाद दोन दशकं चालला. ६ मार्च २०१५ ला डॉन यान सेरेसच्या कक्षेत पोहोचलं आणि चिकणमातीवाले जिंकले. पण गंमत पुढे आहे. त्याआधी हर्शेल दुर्बिणीने सेरेसमधून सेकंदाला साधारण सहा किलो वाफ निघताना पाहिल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं होतं, आणि डॉनला ओक्सो नावाच्या छोट्या विवरात खरोखरचा उघडा बर्फ सापडला. २०१७ मध्ये एर्नुटेट विवराजवळ ३.४ ची सेंद्रिय खाचही. म्हणजे बर्फवाल्यांचा पुरावा चुकीचा होता, पण बर्फ होता! परीक्षेत स्टेप्स चूक आणि उत्तर बरोबर आल्यावर किती मार्क द्यायचे, हा प्रश्न मला इंजिनियरिंगपासून पडलेला आहे.

२४ थेमिसचीही तीच कथा. एप्रिल २०१० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात सांगितलं की ह्या लघुग्रहावर बर्फाचा पातळ थर आणि सेंद्रिय पदार्थ आहेत. पेपरांत मोठ्या बातम्या. पुढच्याच वर्षी एका गटाने दाखवलं की ३.१ ची तशीच खाच गोएथाइटमुळेही पडू शकते. गोएथाइट म्हणजे लोखंडाच्या गंजाचा सख्खा भाऊ. शिवाय तिथल्या उन्हात उघडा बर्फ फार टिकायचा नाही, खालून सतत भरपाई हवी. थेमिसचं प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने त्याच पट्ट्यातल्या २३८पी/रीड ह्या धूमकेतूसारख्या वागणाऱ्या वस्तूभोवती पाण्याची वाफ नक्की केली, तेव्हा लघुग्रहांच्या पट्ट्यात बर्फ टिकून आहे एवढं तरी पक्कं झालं.

मला ह्यात लोणारच दिसतं. लांबून आकार बघून ज्वालामुखी, लांबून खाच बघून बर्फ. लोणारला शेवटी बोअर मारावे लागले, तसंच इथेही कुणीतरी जाऊन दगड आणणं भाग होतं.

जपानच्या हायाबुसा-२ ने रायुगू लघुग्रहावरून पाच ग्रॅमच्या थोडं वर माती आणली, डिसेंबर २०२० मध्ये. नासाच्या ओसायरिस-रेक्सने बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम आणली. ती कुपी २४ सप्टेंबर २०२३ ला युटाच्या वाळवंटात उतरली आणि पृथ्वीची हवा लागू नये म्हणून नायट्रोजनमध्ये हाताळली गेली. मर्चिसनला विचारलेला घामाचा प्रश्न इथे कुणी विचारूच नये, ही सोय. २९ जानेवारी २०२५ ला निकाल आले. सजीवांच्या प्रथिनांत वापरल्या जाणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी १४. डीएनए आणि आरएनएमधली पाचही मूळ अक्षरं. भरपूर अमोनिया. आणि अमिनो आम्लं पुन्हा डावी-उजवी सारखीच, म्हणजे सजीवांचं डावखुरेपण कुठून आलं हे कोडं तसंच.

पण माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी दुसऱ्या पेपरात होती आणि ती बातम्यांत फार आली नाही. बेन्नूच्या मातीत क्षार सापडले, अकरा प्रकारचे. आपलं खायचं मीठ, म्हणजे हॅलाइट. आणि ट्रोना. ट्रोना म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट पाण्यासकट एकत्र बांधलेलं खनिज, धुण्याच्या सोड्याचा आणि खायच्या सोड्याचा संसार. परग्रहावरून आलेल्या नमुन्यात ते त्याआधी कधीच दिसलं नव्हतं. ते तयार व्हायला खारं पाणी हवं आणि ते हळूहळू आटायला हवं. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या लघुग्रहाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात साडेचार अब्ज वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याचे कप्पे होते आणि ते आटत गेले. सेरेसवर डॉनला ऑकेटर विवरात जे पांढरे चमकदार डाग दिसले होते, तेही २०१६ मध्ये सोडियम कार्बोनेटच निघाले होते.

आणि आता ऐका. आटणाऱ्या पाण्यातून मागे राहिलेला सोडा म्हणजे काय? लोणार! लोणारचं पाणी नुसतं खारट नाही, ते सोड्याचं आहे, पीएच दहाच्या आसपास. सोळाव्या शतकातल्या ऐन-ई-अकबरीत लोणारची नोंद आहे, आणि त्यात इथे काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं असं लिहिलेलं आहे. पुढे इंग्रजांच्या काळापर्यंत उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावरचे क्षार गोळा करत. डल्ला, पापडी, भुस्की अशी त्यांची प्रतवार नावं होती. अकबराच्या कारभाऱ्यांना त्यातून महसूल किती हेच महत्त्वाचं होतं, साहजिकच आहे.

दोन्हीकडची रसायनं एकाच गोट्यातून आली असं मी म्हणत नाहीये, हं. लोणारचा सोडा इथल्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्याचा, बेन्नूचा तिथल्या. संबंध नाही. पण पाणी, दगड, बंद जागा आणि आटणं एवढं जुळलं की मागे तेच उरतं, मग ते मेहकरजवळ असो की मंगळाच्या पलीकडे. आणि जो गोटा हा खड्डा पाडून गेला, तोही बहुधा अशाच कुठल्यातरी भिजलेल्या घरातून निघालेला.

परवा रविवारी आजीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. क्रोमियम वगैरे गाळून. गोट्यात पाणी होतं, पण तळ्यातलं पाणी पावसाचं आहे, हे तिने लगेच मान्य केलं ("ते तं मले वाटतच होतं"). मग बेन्नूच्या सोड्याचं सांगितलं.

"म्हंजे पापडखारच ना?"

"जवळपास तसाच."

"मंग त्याचे पापड होतीन का?"

मी म्हणालो, सगळी माती मिळून १२१ ग्रॅम आहे, आणि त्यात क्षार म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे कण.

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "येवढ्यात तं दोन किलो पिठाचं बी काम होनार नाही. पुढच्या खेपेले जास्त आनाय सांगजो."